खांडीची जागा

भिवंडीच्या धामणकर नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून चार इंची पीव्हीसी पाइप घेऊन मी कोनकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात शिरत होते. मागच्या सीटवर लूमची ड्युटी संपवून निघालेला एक माणूस होता. तो म्हणाला, "मॅडम, ये कौनसे लूम का बीम है?" बीम म्हणजे मागावरचा सूत गुंडाळलेला रूळ. सगळी रिक्षा हसली. एरवी मीही हसले असते, पण २००७ च्या त्या मार्चमध्ये मला कोणाचंच हसणं सोसत नव्हतं. "खाडी में गाड़ने का है," मी म्हणाले आणि पाइपचं एक टोक त्याच्या मांडीवर टेकवून बसले. कोन येईपर्यंत बिचाऱ्याने ते धरून ठेवलं.

माझ्या पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत जूनअखेर संपत होती. ती दोनदा वाढवून घेतली होती. तिसऱ्यांदा वाढत नाही, हे कार्यालयातल्या बाईंनी मान वर न करता खिडकीतून सांगितलं होतं. प्रबंधाचे चार अध्याय तयार होते. ज्याच्यासाठी ते चार लिहिले तो पाचवा मात्र कोरा होता. त्यात खाडीच्या गाळाचं वय यायचं होतं.

वय काढण्याची रीत सोपी आहे, नाकी नऊ येतात ते करताना. नदी गाळ आणते, भरती तो पसरवते आणि वर्षाला पातळसा थर बसतो. नवा वर, जुना खाली. या एका वाक्यावर आमचं सगळं शास्त्र उभं आहे. हवेतून एक किरणोत्सारी शिसं सतत खाली पडत असतं. ते गाळात अडकतं आणि साधारण बावीस वर्षांनी निम्मं होतं. म्हणून ते वर जास्त सापडतं, खाली कमी कमी होत जातं, आणि किती कमी झालं त्यावरून थराचं वय कळतं. शिवाय साठच्या दशकात जगभर झालेल्या अणुचाचण्यांची धूळही गाळात खूण ठेवून गेली आहे. ती सापडली की आपलं गणित ताडून बघता येतं.

माझे मार्गदर्शक सर पूर्व किनाऱ्यावरच्या मोठमोठ्या त्रिभुज प्रदेशांवर काम केलेले. आमच्या उल्हास खाडीला ते "तुमचं ते गटार" म्हणत. शाळेच्या पुस्तकातही पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्या त्रिभुज प्रदेश तयार करत नाहीत, असं एका ओळीत सांगून आम्हाला निकालात काढलेलं होतं. मला त्याचा लहानपणापासून राग. त्या गटाराच्या काठावर मी जन्मले होते आणि त्याच्या गाळात काय आहे ते जगाला मीच सांगणार, या हट्टाने मी या फंदात पडले.

पहिला नमुना मी खाडीच्या वरच्या अंगाला घेतला होता. दीड वर्ष त्यात घालवलं. शेवटी वरपासून खालपर्यंत शिसं सारखंच निघालं, कारण रेती काढणाऱ्यांच्या पंपांनी तिथला तळ कधीच ढवळून टाकला होता. सर म्हणाले, "जिथे माणसाचा हात लागला नाही अशी जागा शोध." भिवंडी तालुक्यात अशी जागा शोधणं म्हणजे काय, हे सरांना मुंबईत बसून कसं कळणार! उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

मग मला आमचंच गाव आठवलं. कोनहून आत, खाडीला लागून. पूर्वी तिथे खारी भातशेती होती. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांब बांध होता आणि पावसाचं पाणी बाहेर सोडायला त्यात लाकडी झडपेचं दार होतं. त्या दाराला आम्ही उघाडी म्हणतो. मी कॉलेजात जाईपर्यंत दापोड्याकडची गोदामं पसरत आमच्या शिवेपर्यंत आली होती. शेती कोणाला नकोशी झाली, बांध कोणी दुरुस्त करेना, आणि भरतीने आपली जागा परत घेतली. तिवरांची झाडं उगवली. तिथे रेतीचा पंप कधी गेला नव्हता आणि बांधाच्या पायथ्याला नांगरही कधी पोचला नव्हता.

नेमकी जागा मीच निवडली. त्या चिखलात माणूस मांडीपर्यंत रुततो. पण उघाडीच्या दक्षिणेला एक पट्टा असा आहे की हातभर मऊ चिखलाखाली पायाला टणक लागतं. लहानपणी चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, पकडायला आम्ही तिथूनच उतरायचो. बाहेरच्या कुठल्याही संशोधकाला ही जागा सापडली नसती. या गोष्टीचा मला केवढा गर्व झाला होता, ते आठवलं की आजही स्वतःच्या श्रीमुखात द्यावीशी वाटते.

रिक्षातून पाइप नेला त्या दिवशी बाबांचे गुडघे धरले होते, ते घरीच राहिले. चुलतभावाने लाकडी मोगरीने पाइप ठोकला. ओहोटी होती तोवर आम्ही तो दोरांनी ओढून काढला. पूर्ण दीड मीटर भरलेला! मी चिखलातच खाली बसले आणि रडले. इतका लांब पाइप प्रयोगशाळेच्या ओव्हनपर्यंत नेता येत नाही, म्हणून मऊ चिखल संपून घट्ट सुरू होतो तिथे करवतीने त्याचे दोन तुकडे केले. दोन्हींवर खडूने बाण काढले.

पुढचे दोन महिने मी गाळाच्या चकत्या केल्या, वाळवल्या, कुटल्या, डब्यांत भरून सीलबंद केल्या. ते किरण मोजण्याचं यंत्र एका संशोधन संस्थेत होतं आणि तिथे नंबर लावावा लागे. वरच्या तुकड्याचे आकडे आले ते सुरेख होते. शिसं हळूहळू कमी होत गेलेलं. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैच्या महापुराचा जाडसर थरही जागच्या जागी. मग खालचा तुकडा आला. त्याच्या वरच्या टोकाला शिसं जवळजवळ नव्हतं आणि खाली जावं तसं ते वाढत होतं.

मी तो कागद तीनदा वाचला. जुना थर वर आणि नवा खाली? असं होत नाही. पृथ्वीवर असं होतं ते डोंगर उलटेपालटे होतात तिथे, आणि आमच्या खाडीकाठी डोंगर नव्हते. मी पुन्हा नंबर लावला, हातापाया पडून. पुन्हा तेच आकडे आले. मे महिना निम्मा सरला होता. मला जेवण जाईना. आईने फोनवर काही विचारलं की मी खेकसायची आणि मग फोन ठेवून पश्चात्ताप करायची.

सरांनी आलेख हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पाच मिनिटांत उत्तर दिलं. "खालचा तुकडा तू उलट्या टोकाने कापलास. खडूचा बाण ओल्या पाइपवर टिकतो का? उलटा कर."

मी उलटा केला. आकडे ओळीने बसले! इतके देखणे की कुठल्याही पुस्तकात छापावेत. साठच्या दशकातली खूणही जिथे असायला हवी तिथे आली. मी उलटं टोक धरलं होतं असं मला आठवत नव्हतं, पण नव्हतं धरलं असंही मी शपथेवर सांगू शकत नव्हते. बाण खरंच पुसट झाले होते. माणूस बुडायला लागला की काय काय आठवतं आणि काय काय विसरतं! आठ दिवसांत मी पाचवा अध्याय लिहून काढला.

नकाशा तेवढा राहिला होता. बांध, उघाडी आणि पाइप ठोकल्याची जागा यांची अंतरं दाखवायची होती. जूनच्या पहिल्या रविवारी मी गावी गेले. बाबा पडवीत पाय पसरून बसले होते. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि विचारलं, "उघाडीपासून इथपर्यंत किती पावलं होतील, बाबा?"

त्यांनी कागद फिरवून पाहिला. "यो काय हाय?"

"इथे पाइप घातला होता."

"हितं?" ते हसले. एकदम खूश होऊन. "अगो बाय, ही तर खांडीची जागा हाय!"

उधाणाच्या भरतीने बांध फुटतो आणि भगदाड पडतं, त्याला आमच्याकडे खांड म्हणतात. मी तीन महिन्यांची होते त्या वर्षी आमचा बांध फुटला होता आणि अख्ख्या गावाने तो भरला होता. ही गोष्ट बाबांनी मला किमान शंभर वेळा सांगितली असेल. प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत, नवा जावई आला की त्याला. बाबा दोन भरत्या छातीभर पाण्यात उभे होते, हे गावातल्या पोरांनाही पाठ होतं. मला इतकं पाठ होतं की मी ते ऐकणंच सोडलं होतं. खांड नेमकी कुठे पडली, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"चिखल कुठून आणला होता?" मी विचारलं. माझ्या आवाजात काहीतरी वेगळं आलं असावं. आई आतून बाहेर आली.

"कुठून म्हंजे? समोरच्या काठाचा. फावड्यानं असं चौकोनी काप कापायचं." बाबांनी हवेत हाताने कापून दाखवलं. "वरचा काप पयला निघतो, तो पयला खांडीत जातो, तळाला. मंग त्याच्या खालचा काप, तो त्याच्यावर. असं मानसामानसाच्या हातानं पुढं द्यायचं. काप मोडला तर पानी नेतंय, म्हनून तान्ह्या पोरावानी धरायचं. त्यो चिखल आजून हाललेला न्हाय, बग. पाय ठेव, टनक लागंल."

मी नकाशाचा कागद परत ओढून घेतला. वरचा काप तळाला, खालचा काप वर. समोरचा काठ जसाच्या तसा, फक्त उलटा, खांडीत रचला गेला होता. नंतरच्या तीस वर्षांत त्यावर हातभर नवा गाळ बसला होता. माझे बाण बरोबर होते. यंत्र बरोबर होतं. जिथे माणसाचा हात लागला नाही अशी जागा शोधता शोधता मी सबंध खाडीतली एकच अशी जागा निवडली होती, जिचा प्रत्येक काप माझ्या बापाच्या हातातून गेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांची आठवण हा काही पुरावा होत नाही. तुकडा उलटा झाला होता, दुरुस्त केला, एवढं लिही आणि जमा कर. आकडे खरेच आहेत ना?"

आकडे खरेच होते, तेच तर वाईट होतं. काठ खरा होता, शिसं खरं होतं, फक्त मी सांगत होते त्या जागेचं ते नव्हतं. कोणाला कळणार होतं? बाबा इंग्रजी वाचत नव्हते. पण तो अध्याय जमा करायचा म्हणजे त्या ठिकाणी खांड पडलीच नव्हती, कोणी ती भरलीच नव्हती, असं मला सहीनिशी लिहून द्यावं लागणार होतं. हे मला जमेना. मी फार सत्यवादी आहे असा भाग नाही. घाबरत होते, आणि कशाला ते मलाही सांगता आलं नसतं.

एकच वाट उरली होती. दुसऱ्या जागी नवा पाइप घालायचा. तो मोजून होईपर्यंत मुदत टळणार हे दिसत होतं, पण गाळ हातात असला तर निदान सरांना महिनाभराचा अर्ज करायला लावता येईल, असं मी मनाशी धरलं. बुधवारी सकाळी मी गावी पोचले. चुलतभाऊ शिफ्टवर गेला होता. बाबा म्हणाले, "मी येतो." आई नको नको म्हणत असताना त्यांनी लेंगा गुडघ्यावर खोचला.

उघाडीच्या उत्तरेला जायचं ठरलं होतं. तिथे उत्तर उरलीच नव्हती. गोदामासाठी मुरुमाची भर टाकत डंपर उघाडीला येऊन भिडले होते. मुरुमाच्या वजनाने बाजूचा चिखल फुगून वर आला होता. आता कुठला थर आणि कुठलं काय? तरी मी पुढे गेले. कडेला थोडी तिवरं शिल्लक होती, तिथे पाइप उभा केला. बाबांनी मोगरी घेतली. त्यांना धड उभंही राहवत नव्हतं. एका हाताने तिवराची फांदी धरून ते दुसऱ्या हाताने ठोकत होते.

पाइप सरसर आत गेला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. ओढून काढला तर आतून पातळ राड पळून गेली आणि पाइप रिकामा वर आला. पुन्हा घातला. पुन्हा रिकामा. तिसऱ्यांदा मी टोपण बसवून, त्यावर अंगाचं वजन टाकून ओढला. अर्धा वर आला आणि सगळा गाळ भसकन खाली सांडला. मी त्या पाइपला लाथ मारली. मग दुसरी मारली. चिखलात लाथ मारता येत नाही, मी आडवी पडले.

"बाय, भरती लागली," बाबा म्हणाले. "चल आता."

"तुम्ही जा!"

"चल गो. पानी येतंय."

आम्ही बांधावर येऊन बसलो. दोघंही कमरेपर्यंत काळे. मागे डंपर मुरुम ओतत होता आणि आमच्यासमोर खाडी भरत होती. बाबांचा गुडघा सुजला होता आणि ते तो हाताने दाबत होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की संपलं. सहा वर्षं संपली आणि मी आता तिशीची, हातात काही नसलेली बाई आहे.

मग बाबांनी विचारलं, "मना एक सांग. ती खांड आमी तवा भरली नसती, तर तुजी डिगरी झाली असती काय?"

त्यांनी ते भांडायला विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. डॉक्टरला विचारावं तसं त्यांनी मला विचारलं होतं, कारण गाळातलं मला कळतं अशी त्यांची समजूत होती. मला सांगता आलं असतं की खांड भरली नसती तर खारं पाणी शेतात राहिलं असतं, भात पिकलं नसतं, मी शाळेत गेले नसते आणि डिगरी हा शब्दही मला माहीत झाला नसता. हे सगळं खरं होतं. ते सुचायला मला दुसरा दिवस उजाडला.

त्या क्षणी मला कोणावर तरी ते ढकलायचं होतं. समोर ते होते.

"हो," मी म्हणाले. "झाली असती."

त्यांनी मान हलवली. "असं काय," म्हणाले. मग बांधाच्या कडेच्या एका फांदीचा आधार घेऊन उठले आणि घराकडे चालू लागले. मी मागून पाइप ओढत गेले.

मी पाचवा अध्याय जमा केला नाही. जून संपला, नोंदणी रद्द झाली. सर निवृत्त होताना इतकंच म्हणाले की तू हट्टी आहेस. पुढच्या वर्षी मला एका कॉलेजात अकरावी-बारावीला भूगोल शिकवायची नोकरी लागली. मी दर वर्षी मुलांना सांगते, नवा थर वर, जुना खाली. परीक्षेत तेवढं पुरतं.

बाबांशी मी त्या विषयावर पुन्हा बोलले नाही. मी तेव्हा रागात होते, असं सांगायला दोनदा गेले होते. एकदा ते झोपले होते आणि एकदा पाहुणे होते. आता वाटतं, ही दोन्ही कारणं मला सोयीची होती.

२००९ मध्ये त्याच चुलतभावाचा साखरपुडा झाला. दुपारी मांडवात पंगत बसली. मुलीकडचे लोक डोंगराकडचे होते, त्यांना खाडी नवी. आमच्यातल्या कोणीतरी मोठ्याने म्हटलं, "अरे, काकांना सांगू दे खांडीची गोष्ट! ऐका ओ पाव्हणं, दोन भरत्या पान्यात उभं होतं." लोक पानावरून वळून बसले. मी वाढत होते. मनात म्हटलं, सांगा बाबा, या खेपेला मी सगळी ऐकते.

बाबांनी भाताचा घास खाली ठेवला. "ती न्हाय सांगायची," ते म्हणाले.

"का ओ?"

"त्या खांडीपायी माजे पोरीचा नुकसान झालाय," बाबा म्हणाले. गाऱ्हाणं म्हणून नाही. चुकलं ते चुकलं, चार माणसांत कबूल करावं, अशा सुरात. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जरा कसनुसं हसले, आपण बरोबर सांगितलं ना, हे विचारल्यासारखे.

माझ्या हातात वरणाचं भांडं होतं. मी पुढच्या पानावर वरण वाढलं.